एक रुग्ण, चार श्रेणी : विषाणूजन्य श्वसनविकाराची तीव्रता नेमकी कशी ठरवतात?

म्हादईकाठ :

नमस्कार. मी गोव्यातील डिचोली तालुक्यातील एका शाळेत गणित शिकवतो. वैद्यकाशी माझा काहीही संबंध नाही. परंतु गेल्या महिन्यात घरच्या आजारपणात जे कागद हाती आले, त्यांवरील शेऱ्यांचा ताळमेळ काही केल्या लागत नसल्यामुळे येथील जाणकारांना विचारावे असे ठरवले. वडील आता घरी आहेत आणि बरे आहेत, त्यामुळे उत्तराची घाई नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

चतुर्थीला आमच्याकडे नेहमीप्रमाणे मुंबई, बेळगाव आणि सावंतवाडीहून मंडळी आली होती. गणपती विसर्जन होण्याआधीच घरात खोकला फिरू लागला आणि आठवडाभरात सहा माणसे आजारी पडली. त्यांपैकी दोघांविषयी विचारायचे आहे. एक माझे वडील : वय 71, मधुमेह आहे, उमेदीची वर्षे खाणीवर गेली आणि विडी सुटली ती फार उशिरा, त्यामुळे छाती आधीपासूनच नाजूक. दुसरा माझा आतेभाऊ : वय 38, एरवी ठणठणीत. आतेभाऊ 103 अंश तापाने अंथरुणात कण्हत पडला होता, त्याला घोटभर पाणी गिळणेही जड जात होते. वडील मात्र बलकांवात (घरापुढच्या ओसरीवर) खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत होते आणि पेजेबरोबर लोणचे मागून घेत होते. घरातल्या सगळ्यांचा जीव साहजिकच आतेभावात अडकला होता.

पहिल्या दिवशी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आतेभावाच्या कागदावर 'ब-1' आणि वडिलांच्या कागदावर 'ब-2' असे लिहिले, वडिलांना ऑसेल्टामिविर हे इन्फ्लुएंझावरील (फ्ल्यूवरील) औषध लगेच सुरू केले, आणि आतेभावाला मात्र विश्रांती घेऊन दुसऱ्या दिवशी कळवायला सांगितले. वडिलांच्या घशातील स्रावाच्या तपासणीत पुढे इन्फ्लुएंझा ए निघाला. तिसऱ्या दिवशी वडिलांना धाप लागते आहे असे आईच्या लक्षात आले म्हणून आम्ही त्यांना एका खासगी रुग्णालयात नेले. तेथील नोंद अशी आहे : ताप 100.8, नाडी 104, श्वास मिनिटाला 24, बाहेरून ऑक्सिजन न देता बोटावरील वाचन 93, रक्तदाब 128/76, शुद्ध व्यवस्थित. या एकाच नोंदीखाली तीन शेरे आहेत. एका ओळीत 'मध्यम', तक्त्यात 'न्यूज-2 : 6, तातडीने पाहणे', आणि रक्ततपासणी आल्यानंतर 'कर्ब-65 : 1, धोका कमी'. पाठच्या बाजूला वेगळ्या हस्ताक्षरात फक्त 'क'.

म्हणजे एका माणसाला तीन दिवसांत ब-2, क, मध्यम, सहा आणि एक. एका कागदाप्रमाणे तातडी आहे, दुसऱ्याप्रमाणे धोका कमी आहे. हे सगळे एकच गोष्ट मोजत असतील तर कोणीतरी चुकते आहे. आणि वेगवेगळ्या गोष्टी मोजत असतील तर 'तीव्रता' हा एकच शब्द सगळीकडे का वापरला जातो? शिवाय ज्याचा ताप अधिक, ज्याचे हाल अधिक, तो खालच्या पायरीवर कसा?

कुळागर :

मी फोंडा परिसरात फिजिशियन आहे. आपल्या कागदांवरील एकही शेरा चुकीचा नाही. ती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत, आणि उत्तराशेजारी प्रश्न लिहिण्याची पद्धत आमच्या क्षेत्रात नाही, ही खरी अडचण आहे. ज्या विद्यार्थ्याने केवळ 'उत्तर : 6' असे लिहून उत्तरपत्रिका दिली असेल त्याला आपण किती गुण देता, हे मला ठाऊक नाही, आम्ही मात्र रोज तेच करतो.

अ, ब, क ही वर्गवारी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 2009 सालच्या एच1एन1 (स्वाइन फ्ल्यू) साथीपासून वापरात आणली. दवाखान्यापुढे दोनशे माणसांची रांग उभी असताना कोणाला घरी पाठवायचे, कोणाला औषध द्यायचे आणि कोणाला दाखल करायचे एवढेच तिने ठरवायचे आहे. साधा ताप, खोकला, घसादुखी, अंगदुखी म्हणजे अ : तपासणी नको, औषध नको, घरी थांबा आणि 24 ते 48 तासांनी पुन्हा दाखवा. त्यात जोराचा ताप आणि घशाची तीव्र दुखणी आली की ब-1. ब-2 मात्र निराळ्या जातीची पायरी आहे. तेथे लक्षणे अ गटाइतकीच सौम्य असू शकतात, परंतु रुग्ण गरोदर आहे, 65 वर्षांवरील आहे, किंवा त्याला फुप्फुसे, हृदय, यकृत, मूत्रपिंड यांचा विकार, मधुमेह, कर्करोग असे काही आहे, म्हणून औषध लवकर सुरू करायचे. ऑसेल्टामिविरचा उपयोग पहिल्या 48 तासांत सर्वांत जास्त होतो, त्यामुळे अशा माणसांत वाट पाहणे परवडत नाही. थोडक्यात, ब-1 हे आजाराचे वर्णन आहे आणि ब-2 हे माणसाचे. आपला आतेभाऊ पहिल्या दिवशी वडिलांपेक्षा अधिक आजारी होता हे घरच्यांचे निरीक्षण अगदी बरोबर होते. औषध आधी वडिलांना मिळाले तेही बरोबर होते.

तिसऱ्या दिवशी धाप लागली आणि वडील क गटात गेले. धाप, छातीत दुखणे, गुंगी, रक्तदाब घसरणे, थुंकीतून रक्त, नखे निळसर होणे किंवा मूळचा जुना विकार बळावणे, यांपैकी काहीही दिसले की क : तपासणी करायची आणि दाखल करायचे. वडिलांच्या बाबतीत पाठच्या बाजूचे ते एकाक्षरी अक्षरच सर्वांत उपयोगाचे होते, असे माझे मत आहे.

'मध्यम' हा शब्द इन्फ्लुएंझाच्या वर्गवारीतला नाहीच. तो कोविडचा. 2021 सालच्या आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत श्वास मिनिटाला 24 किंवा अधिक, अथवा ऑक्सिजन 90 ते 93 असेल तर मध्यम, आणि श्वास 30 च्या वर किंवा ऑक्सिजन 90 च्या खाली असेल तर तीव्र, अशी विभागणी होती. दोन वर्षे ती लिहून लिहून हाताला इतके वळण पडले की आता कोणत्याही विषाणूला तीच लावली जाते. फुप्फुसातून रक्तात ऑक्सिजन पोहोचत नसेल तर विषाणूचे नाव गौण ठरते, म्हणून निदान देखरेखीपुरते ते चालून जाते. उपचारांपुरते मात्र चालत नाही. कोविडमध्ये ऑक्सिजनची गरज ही रेघ महत्त्वाची ठरली, याचे कारण ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीत 2020 साली असे दिसले की डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे कृत्रिम श्वासावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि केवळ ऑक्सिजनवरील रुग्णांचे सुमारे एक पंचमांशाने घटले, तर ज्यांना ऑक्सिजनच लागत नव्हता त्यांना काहीही फायदा झाला नाही. इन्फ्लुएंझात स्टेरॉइड असे सरसकट देत नाहीत. श्रेणी उसनी घेतली तरी तिच्याबरोबरची औषधचिठ्ठी उसनी घेता येत नाही.

आता आपल्या आवडीचे गणित. न्यूज-2 हा तक्ता लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2017 साली सुधारून प्रसिद्ध केला. त्यात सात गोष्टींना गुण असतात : श्वास, ऑक्सिजनची पातळी, बाहेरून ऑक्सिजन चालू आहे की नाही, वरचा रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि ताप. वडिलांच्या 24 श्वासांचे 2, 93 चे 2, नाडीचा 1, तापाचा 1, बाकी शून्य, बेरीज 6. पाच किंवा अधिक झाले की डॉक्टरने तातडीने पाहायचे, सात किंवा अधिक झाले की अतिदक्षतेच्या पथकाला बोलवायचे. 'हा माणूस पुढच्या काही तासांत ढासळेल का आणि याला किती वेळा तपासायचे' एवढ्याच प्रश्नाचे हे उत्तर आहे. यात वयाला एकही गुण नाही, हे मुद्दाम लक्षात घ्यावे.

आतेभावाचे आकडे आपण दिलेले नाहीत. 103 ताप, नाडी 112, श्वास 20 आणि ऑक्सिजन 98 असे धरले, तर तापाचे 2 आणि नाडीचे 2 मिळून त्याचे गुण 4 होतात. पॅरासिटामॉल घेऊन दोन तासांनी ताप 99.8 आणि नाडी 92 झाली की तेच गुण 1 वर येतात. वडिलांच्या सहापैकी चार गुण फुप्फुसाचे होते आणि ते कोणत्याही तापाच्या गोळीने उतरले नसते. आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर या वजाबाकीत आहे.

आणखी एक पेच सांगतो, कारण आपल्याला तो आवडेल. ज्या जुन्या दमेकऱ्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून राहतो हे धमनीच्या रक्ततपासणीने सिद्ध झालेले आहे, त्यांच्यासाठी न्यूज-2 मध्ये ऑक्सिजनची वेगळी मोजपट्टी आहे, कारण त्यांचे नेहमीचे आणि सुरक्षित वाचनच 88 ते 92 असते. त्या पट्टीवर 93 ला शून्य गुण मिळतात आणि वडिलांची बेरीज 4 होते. तेच बोट, तेच यंत्र, तोच आकडा. ही पट्टी अंदाजाने लावायची नसते. विडी ओढणाऱ्या प्रत्येकाला ती लावली तर खरोखर बुडणारा माणूस कागदावर तरंगताना दिसेल.

राहिला कर्ब-65. तो 2003 साली न्यूमोनियासाठी तयार झाला : बरळणे, रक्तातील युरिया जास्त, श्वास 30 किंवा अधिक, रक्तदाब कमी, वय 65 किंवा अधिक, प्रत्येकी एक गुण. महिनाभरात मृत्यूचा संभव किती, याचा तो अंदाज आहे. वडिलांना वयाचा एक गुण मिळाला, बाकी काही नाही, म्हणून 'धोका कमी'. या यादीत काय नाही ते पाहा. ऑक्सिजनच नाही. चाळिशीतला एखादा माणूस 86 वर, मिनिटाला 28 श्वास घेत माझ्यासमोर बसला तर कर्ब-65 प्रमाणे त्याचे गुण शून्य. विषाणूजन्य न्यूमोनियात एकट्या या तक्त्यावर विसंबून मी कोणालाही घरी पाठवत नाही.

आबोली :

मी सत्तरी तालुक्यात परिचारिका आहे. कुळागर सरांनी जे आकडे मांडले त्यांतील ऑक्सिजन, नाडी, ताप आणि रक्तदाब यंत्र सांगते. श्वास मात्र माणसाला मोजावे लागतात आणि नेमके तेच कोणी मोजत नाही. मी नोकरीच्या सुरुवातीला जेथे होते तेथील एका वॉर्डात तीस रुग्णांच्या तक्त्यांवर ओळीने 20, 20, 20, 18, 20 असे श्वास लिहिलेले मी पाहिले आहेत. तीस माणसे एका तालात श्वास घेत होती असे मानायचे, की कोणीतरी नाडी मोजता मोजता आकडा टाकून पुढे गेले असे मानायचे, ते वाचकांनी ठरवावे. वरील हिशेबात 24 च्या जागी 20 लिहिले असते तर वडिलांचे गुण 6 ऐवजी 4 झाले असते आणि 'तातडीने' हा शब्द कागदावर आलाच नसता.

मोजण्याची माझी रीत सांगते. रुग्णाला 'आता श्वास मोजते' असे सांगायचे नाही, कारण सांगितले की तो जपून श्वास घेऊ लागतो. नाडी पाहिल्यासारखे मनगट धरायचे, ते मनगट हलकेच त्याच्या पोटावर किंवा छातीवर टेकवायचे आणि नाडी मोजून झाली तरी हात तसाच ठेवायचा. मग घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये. एका श्वासाची चूक झाली तर ती चार श्वासांची होते. म्हातारी माणसे लुगडे किंवा शाल घट्ट लपेटून बसतात, तेव्हा पदराची कड खांद्याजवळ वरखाली होते तिच्यावर नजर ठेवली की मोजता येते. जिने चढून, खोकून किंवा बोलून झाल्यावर लगेच मोजू नये.

बोटावरच्या यंत्राचेही तसेच आहे. चतुर्थीच्या दिवसांत बायकांच्या नखांवर रंग असतो आणि पावसाने हात गार पडलेले असतात; दोन्हींमुळे वाचन बिघडते. बोट चोळून गरम करावे, नखरंग काढावा, हात छातीच्या पातळीला टेकवून ठेवावा, आणि आकडा अर्धा-एक मिनिट स्थिर राहिल्यावरच लिहावा. यंत्र लावताक्षणी 88 दिसले म्हणून घाबरून, वा 97 दिसले म्हणून निश्चिंत होऊन ते काढून टाकणारी माणसे मी रोज पाहते. काळ्या-सावळ्या त्वचेवर हे यंत्र कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवते असे अमेरिकेतील रुग्णांच्या नोंदींवरून 2020 साली दिसून आले, त्यामुळे 93 आणि 94 मधल्या फरकावर मी पैज लावत नाही.

कोविडात आम्ही घरोघरी जाऊन सहा मिनिटे चालवून पुन्हा वाचन घेत होतो. बसल्या जागी 96 असलेला माणूस अंगणात फिरून आल्यावर 92 वर आला तर तो कागदावर सौम्य असला तरी आमच्यासाठी सौम्य नसे. बसल्या जागीच आकडा कमी असेल तर मात्र चालवून पाहण्याच्या फंदात पडू नये. एका दमात एक ते तीस आकडे म्हणायला लावणे हाही एक उपाय आमच्याकडे केला जात असे.

कुळागर :

आबोलीताई, बाकी सर्व मान्य, शेवटच्या उपायाशिवाय. आकडे म्हणवून घेण्याच्या त्या चाचणीविषयी कोविडच्या पहिल्याच वर्षी ऑक्सफर्डच्या अभ्यासकांनी फोनवरील तपासणीत ती वापरू नये असा सल्ला दिला होता. माणूस एक पूर्ण वाक्य न थांबता बोलू शकतो का, हे ऐकावे. त्याला गुण देऊ नयेत.

सुशेगाद :

मग सीटी स्कॅनच्या स्कोअरचे काय? 2021 मध्ये आमच्या वाड्यावर लोक दहावीच्या निकालासारखा तो एकमेकांना विचारत होते. माझ्या एका शेजाऱ्याचा 25 पैकी 9 होता आणि तो दवाखान्यात गेला. दुसऱ्याचा 14 होता आणि तो घरी बसून बरा झाला.

कुळागर :

तो स्कोअर फुप्फुसाच्या पाच खंडांना प्रत्येकी शून्य ते पाच गुण देऊन काढतात, म्हणून 25. फुप्फुसाचा किती भाग चित्रात डागाळलेला दिसतो एवढेच तो सांगतो. उरलेला भाग पुरेसे काम करतो आहे की नाही, हे चित्रात दिसत नाही. ते श्वासांच्या संख्येत आणि ऑक्सिजनमध्ये दिसते. आजाराच्या दुसऱ्या दिवशी काढलेला स्कॅन स्वच्छ असू शकतो आणि आठव्या दिवशीचा नसतो, त्यामुळे कोणत्या दिवशी काढला हे न विचारता दोन शेजाऱ्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

बालवैद्य :

वरील सर्व चर्चा प्रौढांची आहे हे कोणीतरी सांगायला हवे, म्हणून लिहितो. न्यूज-2 हा तक्ता 16 वर्षांखालील मुलांना आणि गरोदर स्त्रियांना लावत नाहीत. हे वाचून कोणी आपल्या तान्ह्या बाळाचे श्वास मोजले आणि 38 आले म्हणून मध्यरात्री बांबोळीच्या सरकारी रुग्णालयाची वाट धरली, तर ती धावपळ निष्कारण होईल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार दोन महिन्यांच्या आतील बाळात 60 किंवा अधिक, दोन ते अकरा महिन्यांत 50 किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांत 40 किंवा अधिक श्वास असतील तर ते जलद समजतात. बाळ शांत असताना पूर्ण मिनिट मोजावे. रडताना मोजलेला आकडा टाकून द्यावा. परंतु आकड्यापेक्षा मी अंगावरचा कपडा काढून पाहण्याला अधिक महत्त्व देतो. श्वास आत घेताना बरगड्यांच्या खाली खळगा पडतो का, ज्याला आपल्याकडे आया 'पोट उडते' म्हणतात, ते पाहावे. बाळ अंगावर पिणे सोडते का, प्यायलेले सगळे ओकते का, झटके येतात का, हाक मारूनही डोळे उघडत नाही का? यांपैकी एक जरी असेल तर आकडा न मोजता निघावे. ताप असण्याची अट नाही. आरएसव्ही या विषाणूने होणाऱ्या श्वासनलिकांच्या सुजेत ताप थोडाच असतो किंवा नसतोही, आणि बाळ पहिल्या दिवसापेक्षा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी अधिक थकते. 'काल डॉक्टरांनी सौम्य सांगितले होते' हे वाक्य तिसऱ्या दिवशी माझ्याकडे येणाऱ्या पालकांच्या तोंडी फार वेळा असते. काल ते सौम्यच होते.

तळटीप :

मी सार्वजनिक आरोग्याच्या नोंदी ठेवण्याच्या कामातून निवृत्त झालो आहे. मास्तर, आपण गणित शिकवता म्हणून एक वेगळी तक्रार मांडतो. श्रेणी म्हणजे संख्या नव्हे. कला अकादमीच्या भजनी स्पर्धेत पहिला, दुसरा आणि तिसरा क्रमांक जाहीर होतो. पहिल्या आणि दुसऱ्या पथकात एका तानेइतका फरक असू शकतो आणि दुसऱ्या-तिसऱ्यात जमीन-अस्मानाचा. तरीही आम्ही 2 आणि 3 मधील अंतर 3 आणि 4 मधील अंतराएवढे धरून सरासरी काढतो आणि 'रुग्णांची सरासरी तीव्रता 3.4' असे अहवालात लिहितो. मीही अशा ओळी लिहिल्या आहेत.

कोविडच्या औषधांच्या चाचण्या परस्परांशी ताडून पाहता याव्यात म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली शून्य ते दहा अशी एक शिडी सुचवली. शून्य म्हणजे संसर्ग नाही, दहा म्हणजे मृत्यू. दोन आणि तीन हे घरी असलेले रुग्ण, चार म्हणजे रुग्णालयात दाखल परंतु ऑक्सिजनची गरज नाही, पाच म्हणजे साध्या मास्कने किंवा नाकातील नळीने ऑक्सिजन, सहा म्हणजे जास्त दाबाचा किंवा जास्त प्रवाहाचा ऑक्सिजन, त्यापुढे कृत्रिम श्वास. शिडी उत्तम आहे. परंतु तिच्या चौथ्या पायरीकडे नीट पाहावे. तेथे रुग्णाच्या शरीरात काहीच मोजलेले नाही. तो खाटेवर आहे एवढेच मोजलेले आहे. खाट मोकळी असेल, घर लांब असेल, घरी पाहणारे कोणी नसेल, तर सौम्य रुग्णालाही डॉक्टर ठेवून घेतात. खाटा भरल्या की त्याच अवस्थेतील माणूस घरी जातो आणि कागदावर दोन पायऱ्या खाली उतरतो. चतुर्थीच्या आदल्या दिवशी वॉर्ड रिकामे होतात आणि विसर्जनानंतर भरतात, हे गोव्यात काम केलेल्या कोणालाही ठाऊक आहे. त्या आठवड्यातील आकड्यांवरून आजार आधी ओसरला आणि मग बळावला असे कोणी म्हणू लागला तर त्याला पंचांग दाखवावे लागेल.

त्यामुळे मी पायऱ्यांच्या नोंदीपेक्षा मूळ चार आकडे आणि वेळ लिहिलेला फाटका कागद अधिक मोलाचा मानतो. मूळ आकडे असले की उद्या कोणतीही श्रेणी काढता येते. श्रेणीवरून मूळ आकडे परत मिळत नाहीत. मास्तरांच्या धाग्यावर एवढी चर्चा होऊ शकली ती त्या रुग्णालयातील कोणीतरी 24, 93, 104 हे सगळे नीट लिहून ठेवले म्हणूनच.

कुळागर :

तळटीप यांच्याशी बहुतांशी सहमत आहे. फक्त रात्री दोन वाजता फोनवर 'न्यूज सात' हे दोन शब्द ऐकून वरिष्ठ डॉक्टर ज्या वेगाने उठतो त्या वेगाने तो चार आकडे ऐकून उठत नाही, हेही खरे आहे. साखळी किंवा वाळपईहून रुग्ण पुढे पाठवायचा तर रुग्णवाहिकेचा प्रवास तासाभराचा असतो आणि पलीकडच्या माणसाने तोवर तयारी ठेवायला हवी. त्यासाठी एक शब्द लागतो.

90 या रेघेविषयी मागे लिहायचे राहून गेले. ती कोणाच्या मनात आली म्हणून ओढलेली नाही. रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनला धरून ठेवते त्याचा आलेख वरच्या बाजूला जवळजवळ सपाट असतो, म्हणून फुप्फुस बरेच बिघडले तरी आकडा 97 वरून 93 पर्यंतच सावकाश उतरतो. 90 च्या आसपास आलेख कड्यावरून खाली येतो. तेथून पुढे फुप्फुस थोडेसे जरी अधिक बिघडले तरी आकडा झपाट्याने पडतो. 93 ला आम्ही सावध होतो ते 93 वाईट असते म्हणून नव्हे. कडा जवळ आलेला असतो म्हणून. त्यातही सकाळी 97 असलेला आणि संध्याकाळी 93 झालेला रुग्ण, आणि गेली दोन वर्षे 93 वरच हिंडणारा-फिरणारा रुग्ण, हे दोघे माझ्या दृष्टीने एका श्रेणीचे नाहीत, तक्ता काहीही म्हणो. वडिलांचे एरवीचे वाचन कोणी कधी लिहून ठेवले होते का?

आणि एक सूचना आपल्या मुलखापुरती. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा आपल्याकडे इन्फ्लुएंझाचा एक मोसम आहे. त्याच दिवसांत डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टोस्पायरोसिसही असतात. शेतात गुडघाभर चिखलात राबलेल्या माणसाला ताप, धाप आणि थुंकीतून रक्त असेल तर वर्गवारीप्रमाणे तो 'क' होतो हे खरे, परंतु ते रक्त लेप्टोचे असू शकते आणि त्याला ऑसेल्टामिविर नव्हे, तर प्रतिजैविक हवे असते. श्रेणी किती ते सांगते, काय ते सांगत नाही. तसेच फ्ल्यूचा ताप उतरून माणूस दोन दिवस बरा वाटला आणि पुन्हा थंडी वाजून ताप चढला, तर ती जुन्या आजाराची वरची पायरी समजू नये. बहुधा वर जिवाणूंचा न्यूमोनिया झालेला असतो आणि मोजणी नव्याने सुरू करावी लागते.

म्हादईकाठ :

सर्वांचे मनापासून आभार. आतेभावाला फोन करून त्याचा कागद मागवला. सरांनी धरून घेतलेल्या आकड्यांत फक्त नाडी चुकली. ती 112 नव्हे, 108 होती, म्हणजे त्याचे गुण 3. वडिलांना त्या रुग्णालयात तीन दिवस नाकातील नळीने ऑक्सिजन द्यावा लागला आणि पाचव्या दिवशी ते घरी आले.

त्यांचे एरवीचे वाचन आम्ही कधीच लिहिले नव्हते. गेल्या आठ दिवसांपासून एका वहीत तारीख, वेळ, श्वास आणि ऑक्सिजन असे चार रकाने आखून लिहितो आहे. ऑक्सिजन 94 ते 95 येतो. श्वासांचा मात्र घोळ आहे : दुपारी बलकांवात 20 आणि रात्री 15. आबोलीताई, रात्रीचा आकडा ते झोपलेले असताना घेतला आहे, कारण जागेपणी मनगट धरले की त्यांना लगेच संशय येतो आणि ते माझ्याकडे पाहून मुद्दाम सावकाश श्वास घेतात. तो धरायचा का?

आबोली :

धरा, परंतु शेजारी 'झोपेत' असे लिहा. झोपेतला आकडा झोपेतल्याशीच ताडून पाहायचा. जागेपणीचा हवा असेल तर वर्तमानपत्र त्यांच्या हातात द्या आणि तुम्ही मागच्या बाजूला उभे राहून पाठीवरच्या सदऱ्याकडे पाहत मोजा.